दप्तराची किल्ली कोणाच्या हाती?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला आता कोठे घालावे? कोणी म्हणतो, मिळेल त्या विषयाची पदवी घेऊ द्या आणि मग सरकारी नोकरीच्या परीक्षा देऊ द्या. त्या परीक्षांत तरुणांची उमेदीची वर्षे कशी निघून जातात, हे आपण डोळ्यांनी पाहत आहोत. यास्तव एका निराळ्या विद्येकडे बौद्ध कुटुंबांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. ती विद्या म्हणजे संगणक-प्रणालीचे व्यवस्थापन.

वतनाच्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या स्वाधीन असे. सरकारी निरोप आणि वसुलीची रक्कम ठाण्यावर पोचविण्याचे कष्ट मात्र आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला येत. ओझे आपले, परंतु दप्तर सोडून आत काय लिहिले आहे ते वाचण्याचा अधिकार आपला नव्हता. 1958 च्या कायद्याने ते वतन गेले. दप्तर मात्र राहिले आणि आता ते संगणकात गेले आहे. जमिनीचा सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, रुग्णालयाची नोंद, सर्व काही तेथेच आहे. मग त्या दप्तराची किल्ली आज कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपण विचारावयास नको काय?

ही किल्ली सांभाळणाऱ्यास सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. सर्व्हर चालू ठेवणे, कोणास कोणती फाइल पाहता यावी व कोणास बदलता यावी हे ठरविणे, पासवर्ड व नेटवर्क यांची राखण करणे, बिघाड झाल्यास लॉग वाचून त्याचे कारण शोधणे आणि सर्व माहितीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे, ही त्याची कामे होत. या धंद्यात एक नियम शिकवितात : ज्याला जेवढ्या कामापुरता अधिकार लागतो, तेवढाच द्यावा आणि कोणी काय केले त्याची नोंद राहावी. जन्मावरून अधिकार वाटणाऱ्या व्यवस्थेचे चटके ज्यांनी सोसले, त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

बी.एस्सी. (आय.टी.), बी.सी.ए. किंवा दहावीनंतरचा तंत्रनिकेतनातील तीन वर्षांचा डिप्लोमा, अशा वाटांनी हे शिक्षण घेता येते. तथापि केवळ पदवीवर विसंबू नये. अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगचा भाग मोठा असतो. व्यवस्थापनाचे ज्ञान प्रत्यक्ष हाताने काम केल्यावाचून येत नाही. त्यासाठी खर्चही फार नको. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. तेव्हा माझी सूचना अशी की, प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत दोन-तीन जुने संगणक एकमेकांस जोडून ठेवावेत. मुलांनी त्यांवर सर्व्हर उभा करावा, तो मुद्दाम मोडावा आणि बॅकअपमधून पुन्हा उभा करावा. जो बॅकअप परत आणून पाहिला नाही, त्याचा भरवसा धरता येत नाही.

काही घरांत एक भीती आढळते : कागदोपत्री बौद्ध लिहिले तर सवलती जातील. ही भीती सोडून द्यावी. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांचा अनुसूचित जातींचा दर्जा केंद्रानेही मान्य केला आहे. प्रमाणपत्र मात्र प्रवेशाच्या धावपळीपूर्वीच काढून ठेवावे. दुसरी शंका मुलींविषयी काढतात : रात्रपाळी असते, मुलीने कसे करावे? आपल्या मुली रुग्णालयांत परिचारिका म्हणून रात्रपाळी करतातच ना? मग सर्व्हरपुढेच रात्र अवघड का व्हावी?

खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही आणि तेथे आडनाव विचारणारेही भेटतात. सर्व्हर मोठ्या कंपन्यांकडून भाड्याने घेण्याची रीत आल्यामुळे कामाचे स्वरूपही पालटत आहे. म्हणून शिकणे पदवीबरोबर संपत नाही. इंग्रजीचा कंटाळा करूनही चालणार नाही, कारण या विद्येचे बहुतेक ग्रंथ त्याच भाषेत आहेत. 1946 साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. नोकरी सांभाळून शिकण्याचा तो वारसा आपलाच आहे.

अखेरीस एक गोष्ट. ज्याच्या हाती सर्वांची किल्ली असते, त्याला दुसऱ्याचे पत्र वाचण्याचा आणि नोंद बदलण्याचा मोह होऊ शकतो. न दिलेले घेणार नाही, खोटे बोलणार नाही, ही शीले आपण विहारात ग्रहण करतो; त्यांची कसोटी येथे लागते. बुद्धाने सांगितलेला अप्रमाद, म्हणजे अखंड सावधपणा, हाच या कामाचा प्राण होय. शीलवान आणि सावध माणूस दप्तराजवळ बसला, तर त्याच्या समाजाचेच नव्हे, सर्वांचेच दप्तर सुरक्षित राहील. जय भीम!