न जुळलेल्या आकड्यांची किंमत

सोन्याचा सांधा जोडताना सोनार वापरतो तो टाकणखार आणि कॅरम बोर्डावर भुरभुरायची बोरिक पावडर, एवढीच बहुतेकांची बोरॉनशी ओळख. तिथे बोरॉन ऑक्सिजनला धरून शांत बसलेला असतो. हायड्रोजनशी त्याची गाठ पडली की मात्र तो द्वाड होतो. डायबोरेन विषारी, पेंटाबोरेन तर हवा लागताच पेट घेऊ शकणारे. या संयुगांच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासाकडे आज पुन्हा पाहायला हवे. कारण संशोधन सुरू होण्याआधीच ‘याचा उपयोग काय?’ असे विचारण्याची सवय आपल्याला जडली आहे.

१९१२च्या सुमारास ब्रेस्लाउ येथे रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी या संयुगांना हात घातला, तेव्हा त्यांचा काडीचाही उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल टाकले की वायूंचे मिश्रण निघे. पण हवा आणि ओल लागली की ते नासे. तोट्यांना लावलेल्या ग्रीसलाही ते सोडत नसे. म्हणून श्टॉक यांनी काचेच्या नळ्यांची बंदिस्त निर्वात यंत्रणा उभारली आणि तिच्या झडपा पाऱ्याच्या केल्या. द्रवरूप हवेने गोठवून, पुन्हा हळूहळू ऊब देऊन त्यांनी एकेक बोरेन, म्हणजे बोरॉन-हायड्रोजनचे संयुग, वेगळे केले. याची किंमत त्यांनी शरीराने मोजली. पाऱ्याच्या वाफेने डोकेदुखी, चक्कर, विस्मरण मागे लागले. कारण उमगल्यावर १९२६ साली त्यांनी पाऱ्याच्या धोक्याविषयी लेख लिहून इतरांना सावध केले.

श्टॉक यांची मोजमापे चोख होती, आणि त्यामुळेच पेच पडला. डायबोरेनमध्ये बोरॉनचे दोन आणि हायड्रोजनचे सहा अणू. ते नेहमीच्या पद्धतीने जोडायचे तर सात बंध आणि १४ इलेक्ट्रॉन लागतात; हाताशी होते फक्त १२. १९२१ साली डिल्थाय यांनी सुचवले की दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनच्या मधोमध पुलासारखे असावेत. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९४३ साली ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी, ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स, याने आपले शिक्षक बेल यांच्यासह हीच रचना नव्याने मांडली. दोघांची भाकरी तिघांनी खावी तशी इलेक्ट्रॉनची एक जोडी तीन अणूंना बांधते, हे पुढे प्रयोगांनीही मान्य केले. अशा बंधांचे शास्त्र रचणाऱ्या विल्यम लिप्सकॉम्ब यांना १९७६चे नोबेल मिळाले.

उपयोगाची घाई झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शिकागोत श्लेसिंगर आणि त्यांचे तरुण सहकारी हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे सहज वाफ होणारे युरेनियमचे संयुग मागितले गेले. त्यांनी युरेनियम बोरोहायड्राइड दिले, पण तोवर युरेनियमच्याच दुसऱ्या संयुगाच्या वापरातल्या अडचणी सुटल्या होत्या. या खटाटोपातून सोडियम बोरोहायड्राइड मात्र हाती आले. ते शुद्ध करायला द्रावक शोधताना ॲसिटोन वापरून पाहिले, तर त्याचीच जोरदार अभिक्रिया झाली. ॲसिटोनसारख्या पदार्थांचे अल्कोहोल करणारे सौम्य साधन असे अवचित सापडले. आज औषधनिर्मितीत ते रुळले आहे. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने बोरॉन-इंधनावर अफाट पैसा ओतला, कारण वजनाच्या मानाने ते केरोसीनपेक्षा जास्त उष्णता देते. पण जळल्यावर उरणारे बोरॉन ऑक्साइड इंजिनाच्या पात्यांवर चिकट काचेसारखे बसू लागले. १९५९ साली योजना गुंडाळली गेली.

याच दशकात, पर्ड्यू विद्यापीठात, भारतातून गेलेले बी. सी. सुब्बा राव ब्राउन यांच्याबरोबर काम करत होते. हायड्राइडने एस्टरचे अल्कोहोल करताना साध्या एस्टरला हायड्राइडचे २.०० भाग लागत. एथिल ओलिएटला मात्र २.३७ लागले. नमुना अशुद्ध असेल म्हणून आकडा बाजूला सारता आला असता. पण प्रयोग पुन्हा झाला आणि कळले की बोरॉन-हायड्रोजन बंध कार्बनच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतो आहे. १९५६ साली जाहीर झालेल्या या हायड्रोबोरेशनने कार्बनी रसायनांची जडणघडण करण्याची रीतच बदलली. ब्राउन यांना १९७९चे नोबेल मिळाले.

हिशेब मांडला तर काय दिसते? मागणी नोंदवून करवून घेतलेली दोन्ही मोठी कामे मूळ हेतूत फसली. टिकले ते १२ आणि १४ मधले अंतर, टिकले ते वरचे ०.३७. असे आकडे सापडायला मुळात मोजमाप काटेकोर लागते, आणि सापडलेले आकडे लपवून न ठेवण्याची मुभाही लागते. निधी देणाऱ्या समित्यांनी अर्जात ‘अपेक्षित उपयोग’ जरूर विचारावा, पण त्यावर निवाडा करू नये. मोजमाप किती चोख आहे आणि न जुळलेल्या आकड्याचा पाठपुरावा करायला संशोधकाला किती वर्षे मिळणार आहेत, हे आधी पाहावे. तीन वर्षांत फळ मागणाऱ्या व्यवस्थेत श्टॉक यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला असता.