‘इंग्रजांचा पूल पडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी बोरघाटाची कथा

१/ पावसाळ्यात कुठे नवा पूल खचला, की जुन्या दगडी कमानीचे छायाचित्र फिरू लागते आणि खाली ठरलेले वाक्य येते : ‘इंग्रजांनी बांधलेले बघा, अजून उभे आहे!’ मित्रहो, इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी तरी हे वाक्य न तपासता पुढे ढकलू नये.

२/ बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. २५ बोगदे, ८ कमानपूल, ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र चढ. कामगिरी अचाट होती, यात वाद नाही. पण याच घाटातला, इंग्रजी कागदपत्रांत ‘माऊ की मल्ली’ या नावाने येणारा आठ कमानींचा पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. म्हणजे उद्घाटनानंतर अवघ्या चार वर्षांत! कारण ठरले निकृष्ट दगडी बांधकाम. आज तो पूल कोणाच्या छायाचित्रात नाही, कारण तो उरलाच नाही. जे उरले तेवढेच मोजून ‘सगळे टिकले’ म्हणणे हा इतिहास नव्हे.

३/ पैशाचेही पाहा. जी.आय.पी. रेल्वेच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. तूट पडली तर ती भरून निघे हिंदुस्थानच्या महसुलातून, अर्थात इथल्या रयतेच्या खिशातून. नफ्याची खात्री आधीच झालेल्या कंपनीला काटकसरीची वा कसोशीची निकड किती असणार?

४/ आणि बांधले कोणी? १८६१ मध्ये या घाटात ४२ हजारांवर मजूर राबत होते. त्याआधी, १८५९ च्या जानेवारीत, थकलेल्या मजुरीवरून त्यांचा उद्रेक झाला होता. पटकीने माणसे मेली ती वेगळीच. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल, त्याच्या मृत्यूनंतर कंत्राट पुढे नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस, ही नावे ग्रंथांत आहेत. पाथरवटांची नाहीत. लोकांनी मात्र आपल्या परीने नोंद ठेवली : घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची. ती आख्यायिका असेल, पण त्याचे देऊळ आजही घाटात आहे. (‘इंग्रजांनी बांधले’ म्हणताना ‘बांधले’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे व्याकरणालाही विचारावे.)

५/ आता सावित्री. महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्यांतील प्रवाशांसह. त्यानंतर एक कथा पसरली : ‘पुलाची मुदत संपली’ असे पत्र म्हणे विलायतेहून आले होते. समजा, आले असेल. मग आपल्याच नदीवरचा आपलाच पूल तपासायला आपल्याला परक्याचे पत्र का लागावे? आणि आले नसेल, तर ही कथा केवळ आपली बेपर्वाई झाकते.

६/ सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या पायांची शेवटची पाहणी कधी झाली, हे महाडच्या वाटेने जाणाऱ्यांनी विचारावे.