नोंदीविना बंदी कागदावरच

परदेशी जाणाऱ्या भारतीय कोळंबीत प्रतिजैविकांचा अंश सापडला, तर माल नाकारला जातो. त्यामुळे निर्यातीच्या कोळंबीची चाचणी तळ्यातून काढण्यापूर्वीच होते. आपल्या बाजारातील मासळी आणि कोंबडीसाठी मात्र अशी शिस्त नाही. माणसांवरील उपचारात अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा पशुपालन, कुक्कुटपालन व मत्स्यशेतीतील वापर केंद्राने २०१९ मध्ये बंद केला. पण कोणत्या शेडमध्ये, कोणत्या तळ्यात कोणते औषध किती वापरले, याची नोंदच नसेल तर बंदी पाळली जाते की नाही, हे कळणार कसे? डेन्मार्क १९९५ पासून ‘डॅनमॅप’ कार्यक्रमाद्वारे जनावरांतील प्रतिजैविकांच्या वापरावर आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर लक्ष ठेवतो, त्याचे आकडेही जाहीर करतो. सरकारने इथेही औषधवापराची नोंद सक्तीची करून ती लोकांसमोर ठेवावी. परदेशी ग्राहकाला मिळणारी खात्री देशातील ग्राहकालाही मिळायला हवी.