कुली नंबर २८

गेल्या शनिवारी येवल्याला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर चुलतभावाबरोबर लॅपटॉपवर 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६) परत पाहिला. लहानपणी केबलवर पाहताना नुसती फाटायची. या वेळी मध्येच बोलून गेलो, "यातल्या मजुरांना नावं का नाहीत रे?" झालं!

"दादा, सिंह काय जात-रंग बघून खातो का? आणि ओम पुरी आहे की त्यात!"

नेमका हाच युक्तिवाद माझ्या डोक्यात जातो. सिंह बघत नाही, मान्य. पण कॅमेरा बघतो ना! कोणाच्या मरणावर दोन मिनिटं थांबायचं आणि कोणाला नुसतं गवतात ओढून न्यायचं, हे सिंह नाही ठरवत, पटकथा ठरवते.

मूळ घटना खरी आहे. १८९८, आजच्या केनियातलं त्सावो, युगांडा रेल्वेचा पूल. मजूर हिंदुस्थानातून नेलेले. पॅटरसन नावाच्या इंजिनिअरने दोन्ही नरभक्षक सिंह मारले आणि १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. (पूल वेळेत हवा म्हणून डोक्यावर बसलेला साहेब पाहून मला आमचा क्लायंट आठवला, ते सोडा.) सिनेमावाल्यांना मात्र एक गोरा शिकारी पुरला नाही. मायकल डग्लसचा रेमिंग्टन त्यांनी चक्क मनाने घुसडला. म्हणजे नव्या पात्राला जागा होती बरं का! ती एखाद्या मजुराला का नाही मिळाली? ओम पुरीचा अब्दुल्ला साहेबाशी भांडतो खरा, पण त्याचं भांडण म्हणजे पुलाच्या कामातला अडथळा. माणसं मरतायत हे तो बरोबरच सांगत असतो की!

पॅटरसनच्या पुस्तकात निदान उंगनसिंग जमादाराचं नाव तरी आहे. बाकी हिशोब असा: हिंदी मजूर २८, आणि आफ्रिकन किती गेले याची सरकारी नोंदच नाही. पुढे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी शिकागोच्या म्युझियममधल्या त्याच सिंहांचे केस आणि हाडं तपासून दोघांनी मिळून साधारण ३५ माणसं खाल्ली असावीत असा अंदाज काढला. आणि रेल्वेने? हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजारांपैकी अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली. पण रोगराईला आयाळ नसते, तिच्यावर सिनेमा कोण काढणार? (खऱ्या त्सावोच्या सिंहांनाही आयाळ नव्हती. सिनेमात ती आहे.)

भाऊ हटेना. "मग 'अॅनाकोंडा'? त्यात लोपेझ आणि आइस क्यूब दोघंही वाचतात!" हे मात्र खरं, आणि १९९७ च्या मानाने भारीच. पण ज्या जमातीवर माहितीपट काढायला ती बोट निघते, ती जमात शेवटी धुक्यातून जेमतेम दर्शन देते. आपल्याकडे तरी काय? 'काल' (२००५) मध्ये वाघांच्या जंगलात भीती वाटायला शहरातून गाड्या घेऊन आलेली पोरंपोरीच लागली. नाशिक जिल्ह्यात बिबट्या ज्याला गाठतो तो उसाच्या फडाशेजारी पाल टाकून राहिलेला असतो, नाहीतर रात्रीच्या लाईटवर पाणी भरणारा. त्याला हिरो करून कोणी सिनेमा लिहिलाय?

साडेअकराला थ्री फेज आली. भाऊ बॅटरी घेऊन कांद्याला पाणी भरायला निघाला. जाताना म्हणतो, "दादा, माझं काही झालं तर पेपरात नाव नीट छापायला सांग."

हसलो दोघंही. मोटार चालू झाल्याचा मिस्ड कॉल येईपर्यंत काही झोपलो नाही.