काढा सगळ्यांसाठी, दवाखाना कोणासाठी?

परवा सकाळी साडेसातची वेळ. मी अंगणात सडा टाकत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. मागच्या गल्लीतली सून दारात उभी. "ताई, अडुळशाची चार पानं तोडू का वं? पोराले खोकला झाला."

म्हटलं, "तोड ना, विचारतेस काय!" आमच्या परसातला अडुळसा म्हणजे सार्वजनिक नळच आहे. दारव्ह्याच्या आमच्या गल्लीत कोणाला खोकला झाला की आधी आमचं फाटक वाजतं, मग डॉक्टरांचं.

पानं तोडता तोडता ती मध्येच भिंतीला टेकली. चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, चक्कर येऊन रायली. दीड महिना झाला. सासूबाई म्हणाल्या बिटाचा रस घे, तो घेऊन रायली."

"आणि दवाखाना?"

ती हसली. "पोराले नेलं होतं ना मागं. यायले ताप आला, यायले बी नेलं. माझं काय, होते कमी."

पदरात पानं घेऊन ती गेली. माझा मात्र चहा गार होईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न. पोराला काढा आणि डॉक्टर दोन्ही, नवऱ्याला डॉक्टर, आणि हिला नुसता बिटाचा रस. असं का?

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना घरगुती औषधांचं वावडं दिसतंय. अहो, उलट! माझा संसार त्यावरच चालला. सासूबाईंचा पितळी डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यात सुंठ, ओवा, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, ज्येष्ठमध. पोट दुखलं, ओवा आणि काळं मीठ. सर्दी झाली, गवती चहा, आलं आणि तुळस. घसा बसला, ज्येष्ठमध. पायाला मुका मार लागला, निरगुडीचा पाला गरम करून बांधला. यातलं बरंच काही आजही मी करते आणि करत राहणार. किरकोळ दुखण्यात आराम पडतो, पैसा वाचतो, आणि कोणीतरी आपल्यासाठी काही उकळून आणतंय यानंच निम्मं दुखणं पळतं, खरं ना?

आणि हे सगळं भाकड आहे असंही कोणी समजू नये. आपल्या अडुळशातल्या द्रव्यावरूनच खोकल्याच्या औषधांत वापरतात ते ब्रोमहेक्झिन तयार झालं. दारात वर्षभर फुलणारी सदाफुली आहे ना, तिच्यापासून काढलेलं व्हिनक्रिस्टिन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. चीनमधल्या तू यूयू या बाईंनी एका झुडपापासून मलेरियाचं औषध शोधलं आणि त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकेत कोणी घेतलं, तेव्हा डॉ. माशेलकरांच्या काळात आपल्या संशोधन संस्थेने भांडून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आजीच्या बटव्याची ताकद काही लहान नाही.

पण मैत्रिणींनो, ज्या वस्तूत ताकद आहे ती वस्तू अपायही करू शकते, एवढं साधं आपण विसरतो. "झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय होते?" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, म्हटलंही आहे. अगं, बिब्बासुद्धा झाडाचाच ना? आपल्या भागातल्या बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात, त्यांचे हात बघा एकदा. महादेवाला वाहतो तो धोतरा झाडाचाच, रुईचा चीक झाडाचाच. तो डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. आमचा लाडका अडुळसासुद्धा गर्भारपणात घ्यायचा नसतो, कारण त्याने गर्भाशयाला कळा येऊ शकतात. किती जणींना माहीत आहे हे? वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो. त्यातून क्वचित का होईना, बाळाला जिवावर बेतणारा आजार होतो. मीच माझ्या थोरल्याला चाटवला होता. तेव्हा काही झालं नाही, हे त्याचं आणि माझं नशीब.

कोरोनात तर आपण सगळ्यांनीच काढ्याचा कहर केला. दिवसातून तीन-तीनदा दालचिनी, मिरी, गुळवेल. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने म्हटलं की ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असावी. वाद त्यांचा त्यांच्यापाशी. मला एवढंच कळलं की झाड नीट ओळखता आलं पाहिजे आणि माप ठाऊक पाहिजे. सासूबाईंना दोन्ही येत होतं. मोबाईलवर आलेला निरोप वाचून काढा उकळणाऱ्या आपल्याला येतंच असं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. काही दुखणी अशी असतात की तिथे बटवा उघडायचाच नसतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे कोणी सांगायला नको. २०१७ चा पावसाळा आठवा. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. फवारणीहून आलेला माणूस म्हणतो, चक्कर येते, मळमळते, डोळ्यापुढे अंधारी येते. आणि आपण काय करतो? लिंबूपाणी, ताक, "पड थोडा वेळ." तो थोडा वेळच महाग पडतो. त्याचे कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. डब्यावरचं नाव बघून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

सापाचंही तेच. अजूनही चावलेल्या माणसाला कडुनिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर म्हणे विष चढलं नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, खूणसुद्धा नीट दिसत नाही, दुखत नाही, आणि काही तासांनी श्वास बंद पडू लागतो. तोवर त्या बिचाऱ्याला पाला कडूच लागत असतो! सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते. पाल्यात गेलेला एक तास परत मिळत नाही.

हे झालं एकदम दिसणाऱ्या दुखण्यांचं. पण माझ्या मनात सलतं ते न दिसणारं दुखणं. ते बहुतेक बायकांचं असतं.

माझी मावशी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. अख्ख्या गावाची वैदू! कोणाला मूळव्याध, कोणाला मुतखडा, कोणाच्या लेकीला दूध कमी, सगळ्यांना तिच्याकडे काही ना काही असायचं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पाळी बंद होऊन चार वर्षं झाल्यावर, तिच्या अंगावरून पुन्हा डाग पडू लागले. तिनेच ठरवलं, उष्णता झाली. रोज सकाळी दुर्वांचा रस, संध्याकाळी उंबराच्या सालीचा काढा. मला कळलं तेव्हा मी काय केलं? शतावरी कल्पाची बाटली पाठवली. वर फोन करून सांगितलं, "दुधातून घे हं." डॉक्टरकडे जा, हे शब्द माझ्या तोंडून आले नाहीत.

मग वेचणी सुरू झाली. "एवढा कापूस घरात येऊ दे, मग पाहू." मग संक्रांत. मग पुतणीचं लग्न. लग्नात ती पंगतीत वाढत होती तेव्हा मी बघितलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. नागपूरला नेलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बराच पुढे गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" काय सांगणार? चौदा महिन्यांत मावशी गेली.

दुर्वांचा काही दोष नव्हता. दुर्वांच्या भरवशावर आम्ही सगळे निवांत बसलो, तो दोष आमचा. आणि त्यात मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली.

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक बऱ्याच जणींना माहीत असेल. तिकडच्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं त्यांनी त्यात मांडलंय. याच राणीताईंनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८! झाडांवर एवढं प्रेम करणाऱ्या बाईंनी बायकांना झाडाखाली सोडून दिलं नाही, तपासलं. मला वाटतं, दोन्ही कसं सांभाळायचं ते यातूनच शिकावं.

गोष्ट जुनी आहे, हो. पण आजही आपल्या आजूबाजूला बघा. अंगावरून पांढरं जातं, तांदळाचं धुवण घे. पाळीत फार जातं, अशोकाची साल उकळ. चक्कर येते, बीट खा. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हा आपला हिशेब! खरं तर बिटात लोह थोडंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण आपण तिथपर्यंत जाणार कधी? घरातल्या सगळ्यांचे डबे झाल्यावर? सोयाबीन निघाल्यावर? दिवाळीनंतर?

मला सांगा, घरातला कर्ता माणूस दीड महिना चक्कर येते म्हणाला असता, तर त्याला कोणी बिटाचा रस दिला असता का? काढा ही स्वस्तातली सोय आहे आणि ती सोय बाईच्या वाट्याला पहिली येते. वाईट याचं वाटतं की आपणही ती पुढे करतो. सासू सुनेला सांगते, आई लेकीला सांगते, आणि प्रत्येक जण स्वतःला सांगते. "होते कमी."

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. पटला तर तुम्हीही करा. सर्दी, खोकला, अपचन, पाय मुरगळणं यासाठी बटवा जरूर उघडायचा, पण तीन दिवस. तीन दिवसांत उतार नाही, तर डॉक्टर. जुलाब-उलट्यांत साखर-मिठाचं पाणी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरगुती औषधांमधला हा खरा राजा, पण मूल मलूल पडलं, लघवी बंद झाली तर लगेच दवाखाना. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, छातीत गाठ लागली, गर्भारपणात डोळे पिवळे झाले, तर तीन दिवससुद्धा थांबायचं नाही. पोटुशीला होणाऱ्या काविळीत आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, तिथे काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याच्या दारात रांग लावू नका. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या कारल्याच्या रसाच्या जोरावर बंद करायच्या नाहीत. आणि डॉक्टरांकडे गेलं की कोणता काढा चालू आहे ते सांगायचं, रागावले तरी सांगायचं. तीस वर्षांवरच्या बायकांची कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामातच धरलेली आहे. आशाताईला विचारा, कोणत्या दिवशी असते. लाज कसली त्यात!

परवाची ती सून? त्याच दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. सासूबाईंना म्हटलं, "हिला माझ्याबरोबर दवाखान्यात येऊ द्या." त्या जरा कुरकुरल्या. "पोरीची जात, एवढ्या-तेवढ्याले दवाखाना कायले?" पण आल्या, स्वतः सोबत आल्या. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा! डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा सासूबाईंचाच चेहरा उतरला. बाहेर बाकड्यावर बसून हळूच म्हणाल्या, "माझं बी पाहून घेऊ का वं आता?"

म्हटलं, घ्या की. आणखी एक चिठ्ठी काढली. त्यांचं निघालं साडेसात.

आता दोघी गोळ्या घेतायत. पोराचा खोकला केव्हाच गेला. अडुळसा तसाच आहे, परसात. पानं लागली तर या, फाटक उघडंच असतं. फक्त येताना कोणासाठी हवीत ते सांगा. स्वतःसाठी हवी असतील, तर मी दुसराही एक प्रश्न विचारणार आहे. किती दिवस झाले?