टोटल किती? हा प्रश्नच चुकीचा!

‘आत्महत्येचे विचार मनात येतात का?’ थेरपिस्टनं असं सरळ विचारलं, की समोरचा आधी दचकतोच. आपल्या घरात हा शब्द उच्चारला तरी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ऐकावं लागतं. पण विचारल्यानं नसलेलं खूळ डोक्यात शिरतं, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उलट अनेकांना हुश्श होतं, चला, कुणीतरी विचारलं एकदाचं!

मग प्रश्न पायरीपायरीनं पुढे जातात. जगणं नकोसं होणं वेगळं, जीव द्यावासा वाटणं वेगळं आणि कधी, कसं हे ठरवून ठेवणं त्याहून वेगळं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची प्रश्नावली जगभर वापरतात, ती याच क्रमानं जाते. आधी कधी प्रयत्न केला होता का, हा त्यातला फार वजनदार प्रश्न. शिवाय झोप, दारू, गेलेली नोकरी, ब्रेकअप. आणि थांबवणारं कोण? आई, लेक, कधीकधी घरातला कुत्रासुद्धा!

आता आपण पडलो अप्रेझलवाले. आपल्याला वाटणार, मारा टोटल आणि सांगा, हाय रिस्क की लो! गोची इथंच आहे. ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये २०१७ साली ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा आढावा छापून आला. अशा घटकांवरून बांधलेला अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा निघाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं तर २०२२ मध्ये सांगूनच टाकलं, स्कोअर काढून हाय-लोचे शिक्के मारू नका.

मग थेरपिस्ट करतात काय? भविष्य सोडून आजची रात्र बघतात. पेशंटबरोबर बसून त्याच्याच शब्दांत ‘सेफ्टी प्लॅन’ लिहितात. मन बिनसतंय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, फोन कुणाला लावायचा, घरातल्या धोक्याच्या वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायच्या. पूर्वी ‘मी काही करणार नाही’ असं लिहून सही घ्यायचे. मला विचाराल तर त्या सहीनं पेशंटपेक्षा डॉक्टरलाच जास्त झोप लागत असणार. धोका अगदी समोर दिसला तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून घरच्यांना कळवलं जातं. चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

आणि हो, मोबाइलमध्ये एक नंबर आत्ताच सेव्ह करा: १४४१६, सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीतही. स्वतःसाठी लावा, नाहीतर शेजारच्या क्युबिकलमध्ये हल्ली गप्प गप्प असणाऱ्यासाठी.