विश्लेषण : ‘मिग’ने नाशिकला काय दिले आणि काय दिले नाही?

भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे ‘मिग-२१’ला निरोप दिला. १९६३ मध्ये याच तळावर सुरू झालेली ६२ वर्षांची सेवा तिथेच संपली. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ने भरारी घेतली. ज्या कारखान्यात कधीकाळी मिग बनत, तिथे आता स्वदेशी विमान बनते आहे. मिगच्या इतिहासातून तेजससाठी कोणता धडा मिळतो?

‘मिग’ची सुरुवात कशी झाली?

‘मिग’ हे नाव मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत अभिकल्पकांच्या आडनावांवरून पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत अभियंत्यांकडे विमानाचा सांगाडा होता, पण दमदार जेट इंजिन नव्हते. १९४६ मध्ये ब्रिटनच्या ॲटली सरकारने रोल्स-रॉइसची ‘नेने’ इंजिने सोव्हिएत संघाला विकण्यास परवानगी दिली. सोव्हिएत अभियंत्यांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली आणि पुढे त्यात सुधारणा करून आणखी ताकदीचे इंजिन बनवले. मागे कललेल्या पंखांचे ‘मिग-१५’ डिसेंबर १९४७ मध्ये प्रथम उडाले. १९५० मध्ये कोरियाच्या आकाशात ते उतरले, तेव्हा अमेरिकेला आपली अद्ययावत ‘सेबर’ विमाने तातडीने तिकडे पाठवावी लागली.

भारताने ‘मिग-२१’ का घेतले?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने पाकिस्तानला ‘एफ-१०४ स्टारफायटर’ ही ध्वनीपेक्षा वेगवान विमाने दिली. भारताला त्याच तोडीचे विमान हवे होते आणि ते देशात बांधण्याचा परवानाही. सोव्हिएत संघ दोन्हींसाठी तयार झाला. ओझरला सांगाडा, ओडिशातील कोरापूटला इंजिन आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स अशी कामाची वाटणी झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि लोकसभेत ते नाशिकचेच प्रतिनिधी होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बांधली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर हाऊसवर झालेल्या हल्ल्यात मिग-२१ आघाडीवर होती.

मग ‘उडती शवपेटी’ हे नाव का पडले?

संसदेत २०१२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, मिग मालिकेतील ८७२ पैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा जीव गेला. दोष एकट्या विमानाचा नव्हता. त्रिकोणी पंखांमुळे मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते, तिथे चूक सावरायला वेळच नसतो. साध्या प्रशिक्षण विमानातून थेट त्यावर जाणाऱ्या तरुण वैमानिकांसाठी मधली पायरी ठरणारे ‘हॉक’ विमान २००८ मध्ये दाखल झाले. पर्यायी विमान वेळेत न मिळाल्याने जुन्या विमानांचे आयुष्य मात्र वाढवत न्यावे लागले.

‘तेजस’ कुठे अडते?

हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. मिग-२१ गेल्यानंतर २९ उरल्या. मिग-२१च्या निरोपाच्या आदल्याच दिवशी ९७ तेजससाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. त्याआधी, २०२१ मध्ये, ८३ विमानांची मागणी नोंदवली होती. त्यांचा पुरवठा मार्च २०२४ पासून अपेक्षित होता, तो लांबला. प्रमुख कारण इंजिन. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घ्यायच्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. यापूर्वी ‘मारुत’ या भारतीय बनावटीच्या विमानालाही योग्य इंजिन न मिळाल्याचाच फटका बसला होता.

म्हणजे परवान्यावर शेकडो विमाने बांधून जोडणीचे कौशल्य आले, कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या, नाशिकभोवती सुट्या भागांचे उद्योग वाढले. पण इंजिनाचे मूळ शास्त्र परवान्याच्या कागदाबरोबर येत नाही. सोव्हिएत संघाने ‘नेने’ उघडून पुढचे इंजिन घडवले. आपण दिलेल्या आराखड्यावर काम नीट केले, पुढचा आराखडा मात्र आपला नव्हता.

चंद्रपूर-गडचिरोलीला याचे काय?

गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान पथके पोहोचवणारी हवाई दलाची ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टरेही मूळची रशियन घराण्यातली, मात्र ती ‘मिल’ या दुसऱ्या संस्थेची. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा बनतो. आता सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे गडचिरोलीत मोठा उद्योग उभा राहतो आहे. ओझरचा अनुभव इथेही लागू पडतो. स्थानिक तरुणांना फक्त यंत्र चालवायला शिकवले, तर खनिज संपल्यावर हाती काही उरत नाही. धातुशास्त्र, चाचणी प्रयोगशाळा, अभिकल्प यांत त्यांना जागा मिळाली, तरच कारखाना जिल्ह्याचा होतो. त्यामुळे करारात रोजगाराचा आकडा किती आहे याबरोबरच त्या रोजगारातून काय शिकायला मिळणार, हेही विचारायला हवे.